नवं घड्याळ घेण्याआधी

दिवाळीचे सेल लागले की आमच्या सकाळी धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो. ‘कुठलं घेऊ?’ त्याखाली तीन-चार फोटो, किमती, बँकेच्या कार्डावरची सवलत, आणि मग ज्याच्या हातात जे घड्याळ आहे तेच सर्वांत उत्तम असल्याची त्याची ग्वाही. गेल्या आठवड्यात हा प्रश्न माझ्या दवाखान्यातही आला. विचारणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे, बँकेत अधिकारी. चार वर्षांपूर्वी घेतलेलं जीपीएसचं घड्याळ त्यांच्या हातात होतं आणि ते नीट चालत होतं. ‘डॉक्टर, मे महिन्यात यानं माझा व्हीओटू मॅक्स 44 वरून 40 वर आणला. मी बिघडलोय की घड्याळ? नवीन मॉडेल घ्यावं म्हणतोय.’

दोघंही बिघडलेले नव्हते. मे महिना होता, एवढंच. त्याबद्दल पुढे सांगतो. पण त्यांच्या प्रश्नात एक गैरसमज आहे आणि तो मला रोज दिसतो. मनगटावरचं हे यंत्र काही मोजक्या गोष्टी खरोखर मोजतं: उपग्रहांचे संदेश, हाताची हालचाल, त्वचेखालच्या रक्ताची धडधड आणि काही मॉडेलांत हवेचा दाब. बाकी सगळं, म्हणजे कॅलरी, तंदुरुस्तीचा आकडा, ‘आज 38 तास विश्रांती घ्या’ हा सल्ला, झोपेचे गुण, हे त्या मोजमापांवरून बांधलेले अंदाज असतात. जाहिरात होते ती अंदाजांची. माझं मत असं की पैसे मोजमापासाठी द्यावेत आणि बहुतेक धावणाऱ्यांच्या जुन्या घड्याळाचं मोजमाप अजून पुरेसं आहे. डोंगरात जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. मी अकरा वर्षं धावतोय, पावसाळ्यात सह्याद्रीत भटकतो, आणि या काळात तीन घड्याळं घेतली. त्यातलं दुसरं घेणं ही शुद्ध चूक होती. पहिलं उत्तम चालत असताना केवळ दुसऱ्यात आठ नवे आलेख होते म्हणून मी ते घेतलं होतं.

आधी जागेचं बोलू. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: मी इथे आहे आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. जो काही वेळ लागला त्यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. संदेश प्रकाशाच्या वेगानं येतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात 300 मीटर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी तुम्ही शेजारच्या पेठेत पोचता. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा मनगटावरच्या साध्या घड्याळाची वेळ सुधारण्यासाठी. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम गडबड करून ठेवत असे, आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. ती गडबड थांबली म्हणून 2003 मध्ये गार्मिनला धावणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचं पहिलं यंत्र विकता आलं.

मोकळ्या आकाशाखाली आज साधं घड्याळही तीन-पाच मीटरच्या आत जागा सांगतं. अडचण येते ती उंच इमारत किंवा कातळकडा मध्ये आल्यावर. मग संदेश सरळ न येता भिंतीवर आपटून येतो, लांबचा रस्ता घेतो, आणि घड्याळाला वाटतं उपग्रह आणखी दूर आहे. नकाशावर तुम्ही रस्ता सोडून लोकांच्या दिवाणखान्यांतून धावलेले दिसता ते यामुळे. यावरचा खरा उपाय गेल्या काही वर्षांत आला. जुनी घड्याळं एल1 ही एकच फ्रिक्वेन्सी ऐकत. नवी एल5 ही दुसरीही ऐकतात, आणि या दुसऱ्या संदेशाची बांधणी अशी असते की थेट आलेला कोणता आणि आपटून आलेला कोणता हे ओळखणं सोपं जातं. 2022 मधलं गार्मिनचं फोररनर 255, त्याच वर्षीचं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा, 2023 मधलं कोरोस पेस 3 यांत ही सोय आहे. तेव्हा हा बदल कागदोपत्री नाही, खरा आहे.

मात्र तो सगळ्यांना लागतो का? तुम्ही कोल्हापुरात रंकाळ्याभोवती, पुण्यात टेकडीवर किंवा नाशिकला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावत असाल तर दोन फ्रिक्वेन्सींनी तुमच्या आयुष्यात काही फरक पडणार नाही. लोअर परळच्या मनोऱ्यांमधून धावणाऱ्याला पडेल. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत उतरणाऱ्याला पडेल, तोही थोडा, कारण जिथे आकाशाची पट्टीच दिसते तिथे ऐकायला उपग्रहच कमी असतात.

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन संपली की हमखास कोणीतरी तक्रार करतो. ‘कोर्स चुकलाय, माझ्या घड्याळात 42.7 आलं.’ अशा शर्यतीचा मार्ग विशिष्ट पद्धतीनं प्रमाणित केलेल्या सायकलीनं, वळणावळणावर कमीत कमी अंतराची रेषा धरून मोजतात आणि कमी पडू नये म्हणून वर एक हजारांश जास्तीचं अंतर धरतात. आपण गर्दीतून नागमोडी जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता ओलांडून हात मिळवून येतो. त्यात घड्याळाची थोडी चूक मिसळली की 42.195 चे 42.6 किंवा 42.7 होतात. लाखाचं घड्याळ घेतलं तरी ते होणार.

आपल्या ‘नाविक’चं काय, असंही विचारतात. नाविकचे आधीचे उपग्रह एल5 आणि एस या पट्ट्यांत बोलत. छोट्या यंत्रांना सोयीचा एल1 संदेश देणारा पहिला उपग्रह एनव्हीएस-01 मे 2023 मध्ये गेला. त्यापुढचा एनव्हीएस-02 जानेवारी 2025 मध्ये उडाला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. खोक्यावर नाविक लिहिलंय म्हणून अभिमान जरूर वाटावा, पण तेवढ्यासाठी चालतं घड्याळ बदलू नये.

आता हृदयाचं, आणि इथे मला जरा थांबायचंय.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना सर्वांनी पाहिलेत. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हे चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगतं. स्वस्थ बसल्यावर ही पद्धत छान चालते. एका संथ वेगानं धावतानाही बरी चालते. पण हात हलतो, घाम येतो, पट्टा सैल असतो, पहाटेच्या थंडीत मनगटातला रक्तप्रवाह कमी झालेला असतो, आणि मग घड्याळाला ठोक्यांऐवजी पावलांची लय सापडते. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला 160 ते 180 पडतात. तेव्हा पहिल्याच किलोमीटरला घड्याळ 172 दाखवू लागलं आणि तुम्ही आरामात गप्पा मारत असलात, तर तो आकडा बहुधा हृदयाचा नसून बुटांचा असतो. उलटही होतं. चढावर भरभर चालताना पावलं 115 आणि घड्याळही 115, प्रत्यक्षात हृदय 155 वर.

यावरचा उपाय नवीन घड्याळ नाही. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, पट्टा जरा आवळून बांधा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली मिटवायची तर छातीला बांधायचा पट्टा घ्या, ज्याला ग्रुपवर सगळे चेस्ट स्ट्रॅप म्हणतात. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, प्रकाशाचा खेळ करत नाही. घड्याळाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात येतो आणि पाच-सात वर्षं जुन्या घड्याळालाही जोडता येतो. शंभरातले नव्वद जण ‘हार्ट रेट चुकतो’ म्हणून जेव्हा घड्याळ बदलतात तेव्हा त्यांना खरं तर हा पट्टा हवा असतो. नव्या घड्याळातला सेन्सर सुधारलेला असतो हे मान्य. पण तो मनगटावरच असतो आणि मनगट हलतंच.

हे झालं चुकीच्या आकड्याबद्दल. मला जास्त काळजी बरोबर आकड्याची वाटते.

काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनहून परतल्यावर दोन दिवसांनी माझ्याकडे आले. पन्नाशीचे, तीन हाफ मॅरेथॉन झालेल्या. यवतेश्वरच्या घाटात चढताना छातीच्या मध्यावर कोणीतरी विटा ठेवल्यासारखं वाटलं, जबडा आवळला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. 138. तिसरा झोन, पिवळा नाही, लाल नाही, हिरवा. ‘म्हटलं हार्ट तर नॉर्मल आहे, अ‍ॅसिडिटी असेल.’ ते पळत राहिले, शर्यत पूर्ण केली, पदक गळ्यात घालून फोटो काढला. दोन दिवसांनी जिना चढताना पुन्हा तेच झालं तेव्हा बायकोनं त्यांना ओढून आणलं. अँजिओग्राफीत डावीकडच्या मुख्य धमनीच्या फांदीत नव्वद टक्के अडथळा निघाला. आज ते ठीक आहेत, चालतात, हळू धावतातही. पण घाटात त्यांचं काय झालं असतं हे आठवलं की आजही मला घाम फुटतो.

त्या दिवशी त्यांचं घड्याळ खोटं बोललं नव्हतं. 138 कदाचित अगदी अचूक असेल. घड्याळ सांगतं हृदय मिनिटाला किती वेळा आकुंचन पावतंय. त्या हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरतंय की नाही हे त्याला कळत नाही, कळण्याचा मार्गच त्याच्याकडे नाही. काही महागड्या घड्याळांत ईसीजी असतो, तो एकाच बाजूनं घेतलेला असतो आणि ठोक्यांची अनियमितता शोधायला बनवलेला असतो. हार्ट अटॅक ओळखता येत नाही असं अ‍ॅपल स्वतः सांगतं. दवाखान्यात आम्ही बारा बाजूंनी ईसीजी घेतो आणि तरीही कधी कधी पहिला नॉर्मल येतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, नेहमीच्या वेगाला न शोभणारी धाप, थंड घाम, यांतलं काही झालं तर थांबायचं. घड्याळात कोणता रंग दिसतोय ते पाहायचंसुद्धा नाही. आणि चाळिशीनंतर, घरात मधुमेह, रक्तदाब किंवा कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर मॅरेथॉनची तयारी सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यायची. हे तपासणीचे पैसे घड्याळाच्या बजेटातून काढा, हा माझा आग्रह आहे आणि दुकानदारांची माफी मागून तो मी करतो.

ते झोन कुठून येतात हेही पाहण्यासारखं आहे. तुम्ही काही बदललं नसेल तर बहुतेक घड्याळं 220 मधून वय वजा करतात आणि त्याला तुमचे कमाल ठोके मानतात. हे सूत्र 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं, जुन्या अभ्यासांमधल्या आकड्यांतून डोळ्यांनी रेषा ओढून काढलेलं. सरासरीला ते बरं आहे, माणसाला नाही. पन्नाशीच्या माणसाला ते 170 सांगतं, पण साधारण तिघांतल्या एकाचे खरे कमाल ठोके त्याहून दहा-बारानं तरी जास्त किंवा कमी असतात. मग झोनही तेवढेच सरकतात. त्यात आमच्याकडचा एक खास घोळ आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर गोळी घेणारे कितीतरी जण धावतात. ही गोळी ठोके वाढूच देत नाही. घड्याळाला ती माहीत नसते. तो माणूस धापा टाकत असतो आणि घड्याळ म्हणतं, दुसरा झोन, अजून जोर लावा. अशा लोकांना मी सांगतो, झोन बंद करा. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते पाहा. येत असेल तर वेग ठीक आहे.

आता बँकेतल्या गृहस्थांचा 44 वरून 40. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. खरा मोजायचा तर तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळावं लागतं. घड्याळ तो असा मोजत नाही. ते पाहतं की अमुक वेगाला तुमचे ठोके किती पडतात, आणि त्यावरून गणित मांडतं. मे महिन्यात शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, आणि त्याच वेगाला ठोके दहा-पंधरा जास्त पडतात. घड्याळाला वाटतं माणूस ढेपाळला. काही नवी मॉडेलं तापमानाचा हिशेब धरतात, तरी उन्हाळ्यातल्या आकड्याची तुलना जानेवारीच्या आकड्याशी करू नये. या मेची मागच्या मेशी करावी. घाटात धावणाऱ्यांचंही असंच होतं, वेग कमी आणि ठोके जास्त. डोंगरातली धाव या हिशेबातून वगळण्याची सोय काही घड्याळांत असते, ती शोधून चालू करा.

कॅलरीबद्दल एकच गोष्ट सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 2017 मध्ये साठ जणांवर सात मनगटी यंत्रं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के होती आणि सर्वांत वाईटाची 93 टक्के. यंत्रं तेव्हापासून सुधारली असतील, पण घड्याळ म्हणतं 600 कॅलरी जळल्या म्हणून रविवारी धावून आल्यावर दोन प्लेट मिसळ मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झोपेच्या गुणांविषयी न बोललेलं बरं. सकाळी ताजंतवानं उठलेला माणूस घड्याळात 54 गुण पाहून थकलेला दिसू लागतो, हे मी स्वतः पाहिलंय.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस घड्याळांच्या विरोधात आहे. डोंगरात गेलो की मी पक्षांतर करतो.

एका ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. रात्री मंदिराजवळ राहिलो, दुसऱ्या दिवशी कोकणकडा पाहून दुपारी परत फिरलो. खिंड आणि मंदिर यांच्यामधल्या लहान-मोठ्या टेकाडांत ज्यांनी धुकं अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दहा फुटांवरचा माणूस दिसेना. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकसारख्याच. मोबाइलला रेंज नाही, आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. आमच्यातलं सर्वांत महाग घड्याळ, रंगीत झगमगीत पडद्याचं, पहाटेच मिटलं होतं. आदल्या दिवशी ते पूर्ण चार्ज न करता निघाले होते आणि पडदा सतत चालू ठेवला होता. उरलं ते एका मित्राचं सात वर्षांचं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं, पाच बटणांचं घड्याळ. त्यावर आम्ही आदल्या दिवशी जसे आलो होतो ती रेघ होती. ‘आल्या वाटेनं परत’ हा पर्याय निवडला आणि बाणाकडे बघत निघालो. एके ठिकाणी बाण वाटेपासून पंधरा-वीस मीटर बाजूला, उताराकडे दाखवत होता. तिथे आम्ही बाणाचं ऐकलं नाही, पायाखालच्या वाटेचं ऐकलं. दीड तासानं खिंड लागली.

तेव्हापासून डोंगरासाठी घड्याळ बघताना मी पहिल्यांदा बॅटरी पाहतो. जाहिरातीतले ‘चौदा दिवस’ नाही, जीपीएस चालू असतानाचे तास. हा आकडा बारीक अक्षरांत असतो. आणि नवं म्हणजे जास्त असं नसतं. फोररनर 255 साधा जीपीएस चालू ठेवून 30 तास चालतं असं कंपनी सांगते. पुढच्याच वर्षी आलेल्या 265 ला झळाळता पडदा आणि टच आला, आणि तास झाले 20. शहरात धावणाऱ्याला हे चालेल. दोन दिवसांची भटकंती करणाऱ्याला हे ‘अपग्रेड’ उलट्या दिशेचं आहे. दोन फ्रिक्वेन्सी चालू केल्या की तास आणखी घटतात. बॅटरी वयानुसार खंगते हेही धरा. चार वर्षांच्या घड्याळाची जेमतेम पुरणारी बॅटरी डोंगरात पुरणार नाही.

दुसरं बटणं. पावसात टचस्क्रीन ही थट्टा आहे. पाण्याचे थेंबच पर्याय निवडतात. तिसरं, घड्याळात भरून ठेवता येणारा नकाशा, निदान आधीच उतरवून घेतलेली वाटेची जीपीएक्स फाइल दाखवण्याची सोय. साध्या रेघेनं काम भागतं हे हरिश्चंद्रगडावर कळलं, पण वाट चुकल्यावर डावीकडे दरी आहे की पठार हे रेघ सांगत नाही, नकाशातल्या समोच्च रेषा सांगतात. डोंगरासाठी घड्याळ बदलायचं असेल तर माझ्या मते याच कारणासाठी बदलावं.

उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेलं घ्या. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा बरीच जास्त चुकते. दाब समुद्रसपाटीजवळ साधारण आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो, आणि घड्याळ तो टिपतं. पण दाब हवामानानंही बदलतो. पावसाळ्यात रात्री तंबूत झोपलेलं घड्याळ सकाळी वीस-तीस मीटर चढून गेलेलं असतं. बारी गावात किंवा कळसूबाईच्या माथ्यावर, जिथे उंची माहीत आहे (माथा 1,646 मीटर), तिथे ते जुळवून घ्यावं. या सेन्सरची बारीक भोकं घामाच्या मिठानं बुजतात. घरी आल्यावर साध्या पाण्याखाली धरा. ‘उंची चुकते’ म्हणून बदललेल्या कितीतरी घड्याळांना फक्त आंघोळ हवी असते.

दोन इशारे. पडल्यास आपोआप घरच्यांना निरोप जाण्याची सोय बहुतेक घड्याळांत मोबाइलच्या नेटवर्कवर चालते. दरीत रेंज नसेल तर निरोप मनगटावरच राहतो. आणि परदेशातल्या चाचण्या वाचून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवण्याचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशा यंत्रावरून अडवून गुन्हा दाखल झाला होता. त्याऐवजी घड्याळात अक्षांश-रेखांश कुठे दिसतात ते घरीच शोधून ठेवा. रेंज मिळाल्यावर तेवढे आकडे वाचून दाखवता आले तरी बचाव पथकाची रात्र वाचते. आणि पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. त्याची बॅटरी संपत नाही, आणि तो दिवसाचे घेतो ते घड्याळाच्या हप्त्यापेक्षा कमीच असतात.

मग घड्याळ कधी बदलावं? बॅटरी तुमच्या सर्वांत लांब दिवसाला पुरत नसेल तर. कंपनीनं सॉफ्टवेअर देणं थांबवलं असेल आणि फोनशी जोडणी तुटत असेल तर. रस्त्यावरून डोंगरात वळला असाल आणि नकाशा हवा असेल तर. मनोऱ्यांच्या शहरात वेगाचं काटेकोर प्रशिक्षण करत असाल तर. यातलं काही नसेल तर मागच्या पिढीचं मॉडेल, जे नवं आलं की स्वस्त होतं, तेही पुरेल. पहिलंच घेणाऱ्याला मी सर्वांत साधं जीपीएस घड्याळ सांगतो, एक वर्ष वापरा, मग आपल्याला काय लागतं ते कळतं. जुनं विकताना किंवा देताना आतला डेटा पुसा. 2018 मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून लष्करी तळ दिसले होते. तुमच्या रेघा रोज तुमच्या दारातून सुरू होतात.

बँकेतल्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं नाही, पेशंट बाहेर थांबले होते. रक्तदाब घेतला, 150 वर 96 निघाला. तो त्यांच्या घड्याळात नव्हता. साखर, कोलेस्टेरॉल आणि ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी लिहून दिली. ‘आणि घड्याळ?’ त्यांनी दारातून विचारलं. म्हटलं, रिपोर्ट घेऊन या, मग बघू. सेल पंधरा दिवस आहे.